चार्जिंगच्या ड्रिलची मोटर आणि आपल्या हुनराचा भाव

नाशिकमध्ये द्वारका ते सारडा सर्कल आणि तेथून आत भद्रकालीपर्यंत मोटर वायंडिंगची, लेथची आणि हत्यार दुरुस्तीची जी लहान लहान दुकाने आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर पावसाळा संपला की एक निराळे गिऱ्हाईक दिसू लागते. पाठीवर दप्तर, हातात पिशवी आणि पिशवीत दोन-चार चार्जिंगची ड्रिल मशिने. ही अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुले असतात. त्यांना भिंतीला भोक पाडावयाचे नसते. त्या ड्रिलच्या पोटातील मोटर आणि गिअरबॉक्स काढून त्यांवर त्यांना लढाऊ रोबो चालवावयाचा असतो.

लढाऊ रोबो म्हणजे काय, हे ज्या वाचकांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिमोटवर चालणारी लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची बुटकी गाडी. समोर फिरता ड्रम, पाते किंवा नुसता उतरता फाळ. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पिंजऱ्यात दोन गाड्या सोडतात आणि साधारण तीन मिनिटांत जी दुसरीला उलथून टाकील किंवा बंद पाडील ती जिंकते. १९९४ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे मार्क थॉर्प नावाच्या गृहस्थाने अशा सामन्यांची पहिली मोठी स्पर्धा भरविली. १९९८ पासून बीबीसीने हा खेळ दूरचित्रवाणीवर आणला आणि तो जगभर गेला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत १९९८ साली सुरू झालेल्या ‘टेकफेस्ट’मधील रोबोवॉर्स हा या खेळाचा सर्वांत मोठा फड समजला जातो. १५ किलो आणि ६० किलो हे तेथील परिचित गट. अलीकडे हा महोत्सव डिसेंबरात भरतो, म्हणून आपल्या दुकानांवरची गर्दी दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते. पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत निरनिराळ्या महाविद्यालयांच्या स्पर्धा चालूच असतात.

आता मुद्द्याकडे वळतो. गेल्या हंगामात आम्ही एका परिचित कारागिराच्या दुकानात बसलो असताना दोन मुले आली. त्यांचा रोबो सरळ जात नव्हता. दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले ड्रिल, बॅटरी एक, वायर सारखी. तरी रिमोटची दांडी पुढे लोटली की रोबो एका अंगाला वळे. मुलांनी रिमोट बदलला, कंट्रोलर बदलला, पंधरा दिवस घालविले. “चाचा, यातली एक मोटर कमजोर आहे, तेवढी भरून द्या,” असे त्यांचे म्हणणे. चाचांनी मोटर सुलटी फिरवून पाहिली, उलटी फिरवून पाहिली, दोन्ही वेळा मीटर लावला आणि मोटर ठणठणीत आहे असे सांगितले. मग पत्र्याच्या घड्या उकलून मागचे कार्बनचे झाकण त्यांनी किंचित फिरविले, पुन्हा मीटर पाहिला, पुन्हा केसभर फिरविले. दोन्ही दिशांना आकडा सारखा आला तेव्हा घड्या ठोकून पक्क्या केल्या. दुसऱ्या मोटरचेही तसेच केले. अर्धा-पाऊण तास लागला. “किती द्यायचे चाचा?” “द्या पन्नास रुपये.”

एका मोटरचे नव्हे, दोन्हींचे मिळून. मुले इतकी खूश झाली की त्यांनी खाली रस्त्यावरच रोबो पळवून पाहिला, आणि एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या. आम्हाला मात्र त्या पन्नास रुपयांची रुखरुख लागून राहिली. हा लेख त्या पन्नास रुपयांबद्दल आहे.

चाचांनी केले ते काय होते? ड्रिल हे मुख्यतः एकाच दिशेने, सुलटे, काम करणारे यंत्र आहे. भार पडला की आर्मेचरच्या स्वतःच्या चुंबकत्वाने मोटरमधील क्षेत्र एका बाजूस ओढले जाते आणि कार्बनखाली ठिणग्या पडू लागतात. म्हणून काही कंपन्या मुळातच कार्बन मधोमध न ठेवता फिरण्याच्या विरुद्ध अंगाला थोडे सरकवून बसवितात. मोठ्या डीसी मोटरींवर ज्यांनी काम केले आहे ते हेच काम ब्रश रॉकर हलवून करतात. सुलट्या दिशेला याचा फायदा होतो. उलट्या दिशेला तीच मोटर जास्त करंट खाते, जास्त ठिणग्या पाडते आणि तिचा वेगही सुलट्याइतका राहत नाही. रोबोत दोन मोटरी विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. गाडी पुढे जाताना एक सुलटी तर दुसरी उलटी फिरते. मग गाडी सरळ कशी जाईल? दोष वायंडिंगमध्ये नव्हता, कंट्रोलरमध्ये नव्हता, तो जोडणीतच होता. सर्वच ड्रिलमध्ये असे असते असे नाही, काहींचे कार्बन मधोमधच असतात. पण मीटर लावल्याशिवाय ते कळत नाही, आणि कोठे मीटर लावायचा हे त्या चार वर्षे शिकलेल्या मुलांना सुचले नाही, आपल्या चाचांना सुचले.

अशा गोष्टी या एका ड्रिलमध्ये पाच-सहा आहेत, आणि त्या सर्व आपल्या बाजारात कोणाच्या ना कोणाच्या हातात आहेत. त्या एकत्र मांडून पाहिल्या म्हणजे हा धंदा केवढा आहे आणि आपण तो किती तुकड्यांत वाटून फुकट घालवितो ते ध्यानात येते.

पहिली गोष्ट क्लचची. ड्रिलच्या तोंडाशी आकडे लिहिलेली जी कडी असते ती फिरविली की आत स्प्रिंग कमी-जास्त दाबली जाते. ती स्प्रिंग छोट्या गोळ्यांमार्फत गिअरबॉक्सच्या शेवटच्या बाहेरील रिंगला धरून ठेवते. स्क्रू पूर्ण बसला की रिंग घसरते आणि टर्रर्र आवाज येतो. स्क्रू वाचविण्यासाठी ती सोय उत्तम आहे. पण रोबो समोरच्याला रेटू लागला की ऐन मोक्यावर हीच रिंग घसरते आणि चाक जागीच थांबते. म्हणून कडी व स्प्रिंग काढून टाकून गोळ्यांच्या जागी स्क्रू बसवितात किंवा ॲल्युमिनियमची चकती करून रिंग कायमची आवळतात. येथे नवशिके एक चूक हमखास करतात. स्क्रू इतके आवळतात की रिंग आतल्या गिअरांवर दाबली जाते, गिअरबॉक्स जड होतो आणि मोटर विनाकारण तापते. आवळताना एका हाताने शाफ्ट फिरवीत राहावयाचे आणि जड वाटताच पाव फेरा मागे यावयाचे, हे कोणत्या पुस्तकापेक्षा हाताला चांगले कळते.

दुसरी गोष्ट लेथवाल्याची. चक काढावयाचा तर त्याच्या पोटात डाव्या आट्यांचा स्क्रू असतो. तो आधी उलट्या बाजूने सोडवावयाचा, मगच चकमध्ये जाड एलन की धरून डाव्या अंगाला हातोडीचा एक झटका द्यावयाचा. मुले हा स्क्रू सुलट समजून त्याचे डोके खाऊन टाकतात आणि मग आपल्याकडे येतात. चक निघाल्यावर शाफ्टवर बहुधा तीन अष्टमांश इंच २४ आट्यांचा किंवा अर्धा इंच २० आट्यांचा बारीक पेच दिसतो. त्या टॅपचा हब करून चाक चढविले की काम झाले असे वाटते. ते झालेले नसते. पेच उजव्या आट्यांचा आहे, म्हणजे गाडी एका दिशेने धावताना एक चाक आवळत जाईल आणि दुसरे सुटत जाईल. डाव्या आट्यांचा तो मूळचा स्क्रू पुन्हा बसवावाच लागतो, आणि खरे पाहता हब व शाफ्ट यांतून आरपार पिन घातल्याशिवाय भरवसा नाही. स्पर्धेत रोबोचे चाक निखळून गडगडत कोपऱ्यात गेले की प्रेक्षक हसतात. ज्याने हब केला त्याचे नाव तेथे कोणी विचारीत नाही हे बरेच आहे.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, आणि तीकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. ड्रिलवर जोर येतो तो सरळ, शाफ्टच्या रेषेत. माणूस मागून दाबतो आणि बिट पुढे जाते. आतील बुश त्याच हिशोबाने बसविलेले असते. चाक लावले की जोर आडवा येतो. गाडीचे वजन, उडी मारून खाली पडतानाचा धक्का, समोरच्याची धडक, सगळे त्या एका बुशावर. दोन सामन्यांत बुश अंडाकृती होते, शाफ्ट डगमगतो आणि गिअरचे दात जाऊ लागतात. उपाय साधा आहे. चाकाच्या पलीकडे पट्टी घेऊन तीत दुसरे बेअरिंग द्यावे. शाफ्ट १२ मिलिमीटरचा असेल तर ६२०१ चालते, ते कोणत्याही दुकानात मिळते. ही पट्टी बनविणे हे आपल्या फॅब्रिकेशनवाल्याचे तासाभराचे काम आहे. पण मुले त्याच्याकडे येतात ती मोडल्यानंतर, कारण आधी त्यांना कोणी सांगितलेले नसते.

बाकीचे लहान-सहान आहे. चावी न लागणाऱ्या चकच्या ड्रिलमध्ये शाफ्ट आपोआप धरून ठेवणारा जो लॉक असतो तो काढावा, नाहीतर धडकेचा सगळा मार त्याच्या बारीक पिनांवर बसतो. मोटरच्या आतील चुंबक क्लिपने किंवा गोंदाने धरलेले असतात, ते कडेने अरल्डाइट भरून पक्के करावेत. दोन टोकांमध्ये व टोकापासून खोक्यापर्यंत १०४ नंबरचे सिरॅमिक कपॅसिटर लावले की कार्बनच्या ठिणग्यांचा त्रास कंट्रोलरला कमी होतो.

व्होल्टेजबद्दल मात्र गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. मुलांचा आग्रह असतो की १२ व्होल्टची मोटर १८ वर चालवा. व्होल्टेज दीडपट झाले म्हणजे ताकद दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. आणि चाक अडकले असता मोटरमध्ये निर्माण होणारी उष्णताही सव्वादोनपट होते. तीन मिनिटांच्या सामन्यात चांगली मोटर ते सोसते, कारण तिला तेवढाच वेळ जगावयाचे असते. पण तोच रोबो महाविद्यालयाच्या आवारात अर्धा तास पळविला तर कम्युटेटरवरील टाके सुटतात आणि मग “चाचा, तुम्ही नीट केली नव्हती” असे ऐकावे लागते. किती व्होल्टला दिली आणि किती मिनिटांसाठी दिली, हे बिलावर लिहून द्यावे. बोलून सांगितलेले मुलांच्या लक्षात राहत नाही.

आता हिशोब पाहा. हे सगळे काम करून घेण्यासाठी आज तो मुलगा वायंडरकडे जातो, तेथून लेथवर, तेथून फॅब्रिकेशनवाल्याकडे, तेथून पुन्हा वायंडरकडे. तिघेही आपापले पन्नास-शंभर घेतात. समजा सगळे मिळून एका जोडीमागे तीनशे रुपये आपल्या बाजारात पडले. तिघांपैकी एकालाही ठाऊक नसते की वस्तू शेवटी काय झाली. तीच जोडी एकाच टेबलावर तयार झाली, दोन्ही मोटरी सारख्या जुळविलेल्या, क्लच बंद, हब पिनसह, बाहेरचे बेअरिंग पट्टीसह, आणि सोबत एक चिठ्ठी: मोकळी फिरताना करंट किती, फेरे किती, गिअरचे प्रमाण किती, कोणत्या व्होल्टला चालवावी. तर ती दुरुस्ती राहत नाही, ती विकावयाची वस्तू होते. तिचा भाव दुरुस्तीच्या तासावर ठरत नाही. ज्या मुलांचे पंधरा दिवस एका वळणाऱ्या रोबोपायी गेले, ती मुले अशा जोडीला दीड-दोन हजार सुखाने देतील असे आम्हाला वाटते. आणि नाही दिले तरी तीनशेवर तर येणार नाहीत.

हे केवळ आमच्या कल्पनेतले नाही. अमेरिकेत हा खेळ जोरात आला तेव्हा डीवॉल्ट कंपनीच्या १८ व्होल्टच्या ड्रिलचे मोटर-गिअरबॉक्स रोबोला जोडण्यासाठी तयार ब्रॅकेट, हब आणि क्लच बंद करण्याचे भाग यांचे संच विकणारे छोटे दुकानदार उभे राहिले. ती मंडळी स्वतः रोबो खेळणारी होती. त्यांनी ड्रिल बनविले नाही, मोटर बनविली नाही. मधले जे काम आपण पन्नास रुपयांत करतो तेच त्यांनी डब्यात घालून विकले.

माल कोठून आणावा, असा प्रश्न व्यापारी बांधव विचारतील. नवे स्वस्त ड्रिल मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा लॅमिंग्टन रोडवर मिळते आणि सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली की त्याच दिवशी परत येता येते. पण आमचे लक्ष दुसऱ्याच मालाकडे आहे. चार्जिंगचे ड्रिल बहुधा मोटर जळून मरत नाही, बॅटरी संपून मरते. नव्या बॅटरीची किंमत पाहून माणूस नवे ड्रिलच घेतो आणि जुने कोपऱ्यात टाकतो. फर्निचरचे, फॉल सीलिंगचे, ॲल्युमिनियम खिडक्यांचे काम करणारे आपले किती बांधव आहेत! प्रत्येकाच्या घरी अशी दोन-चार ड्रिल पडलेली सापडतील, मोटर आणि गिअरबॉक्स शाबूत. ती आज किलोवर भंगारात जातात.

भंगाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. सातपूर-अंबड लिंक रोडवरील भंगार बाजारावर कितीतरी घरांची रोजी अवलंबून होती. महापालिकेने तो २०१७ साली उठविला, पुन्हा उभा राहिला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा उठविला. जागा कोणाची, नियम काय, या वादात या पानावर आम्हाला शिरावयाचे नाही. परंतु एक गोष्ट त्या वेळी तेथे उभे राहून आम्हाला जाणवली. ज्याचा धंदा ढिगाचा होता त्याला ढीग हलविताना नुकसान सोसावे लागले. त्याच ढिगातून मोटरी निवडून, साफ करून, तपासून विकणारे जे दोन-तीन तरुण होते, त्यांचा सगळा धंदा एका रिक्षात मावला.

जुन्या मालाच्या बाबतीत एक तक्रारही नोंदवितो. शहरातील एका दुकानातून एका मुलाने “नवी” म्हणून घेतलेली मोटर आम्ही उघडलेली पाहिली. कार्बन नवे होते, कम्युटेटर मात्र लेथवर इतका उतरविलेला की फटी बुजत आल्या होत्या. पहिल्याच सामन्यात ती गेली. जुनी मोटर विकण्यात कमीपणा काही नाही, तपासलेली जुनी मोटर ही चांगली वस्तू आहे. पण ती जुनी म्हणून विकावी आणि दोष असेल तर दाखवून विकावी. ही मुले एकमेकांना फोनवर सगळे कळवितात. एक फसला की पुढच्या वर्षी त्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही, आणि बदनामी एकट्या दुकानाची होत नाही, गल्लीची होते.

कागदपत्रांचे काय? महाविद्यालयाकडून खर्च परत मिळवावयाचा तर मुलांना बिल लागते, आणि बिल नाही म्हणून ती ऑनलाइन माल मागवितात. बिल म्हटले की आपला कारागीर घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. सेवा देणाऱ्यास वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत आणि फक्त माल विकणाऱ्यास महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसतानाही कर न लावता साधे छापील बिल देता येते. परराज्यात माल कुरियरने पाठवावयाचा झाला तर मात्र नोंदणी करावी लागते. उद्यम नोंदणी २०२० पासून सुरू आहे, ती ऑनलाइन व विनामूल्य होते, आणि ती या धंद्यात विशेष उपयोगी आहे. कारण २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत विजेची हत्यारे, म्हणजे ड्रिलसुद्धा, येतात. जुनी उपकरणे दुरुस्त करून विकणाऱ्यास त्यात नोंदणी सांगितली आहे, पण सूक्ष्म उद्योगास या नियमांतून वगळले आहे. आपण सूक्ष्म आहोत हे तोंडाने सांगण्यापेक्षा कागदाने सांगितलेले बरे.

सरकारी मदतीविषयी फार आशा देणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. लोहार, कुलूप बनविणारा, हातोडी व हत्यारे बनविणारा, शिंपी, न्हावी, सगळे आहेत. मोटर भरणारा नाही. शहरातील निम्मी यंत्रे ज्याच्या हातावर चालतात त्याला कारागीर म्हणून यादीत जागा मिळू नये, याचे आम्हाला नवल वाटते. आपल्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरण्यासारखा आहे.

काही ज्येष्ठ मंडळींनी आम्हाला विचारले की, दोन यंत्रांची टक्कर लावून चांगला माल फोडावयाचा, यात आपण का पडावे? त्यांचे म्हणणे आम्ही टाकून देत नाही. आम्हालाही पहिल्यांदा तो सामना पाहताना जिवाला लागले होते. इतके सुबक वेल्डिंग आणि क्षणात चुराडा. पण तेथे माणसाला इजा होऊ नये म्हणून पिंजरा असतो, बाहेरून ओढून बॅटरी तोडता येईल अशी लिंक रोबोत सक्तीची असते, आणि मोडलेला रोबो घेऊन मुले रात्रभर बसून तो पुन्हा उभा करतात. त्या एका रात्रीत ती जेवढी मोटर शिकतात तेवढी वर्षभरात शिकत नाहीत. शिवाय हीच जुळविलेली जोडी लढाईतच वापरली पाहिजे असे कोठे आहे? शेतातील फवारणीची छोटी गाडी, गोदामातील ढकलगाडी, असे कितीतरी प्रकल्प मुले करतात, आणि त्यांनाही कमी वेगाची, जोरदार, स्वस्त मोटर हवी असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कार्बनची मोटर किती दिवस राहणार? महागड्या ड्रिलमध्ये आता बिनकार्बनच्या, ज्यांना ब्रशलेस म्हणतात त्या मोटरी आल्या आहेत, आणि पुढारलेले रोबोवाले त्यांच्याकडे वळले आहेत. हे खरे आहे. तिच्यात कम्युटेटर नाही, म्हणजे चाचांची ती झाकण फिरविण्याची युक्ती तेथे चालत नाही. पण गिअरबॉक्स तोच आहे, क्लच तोच, शाफ्टचा पेच तोच, आडवा जोर तोच. आणि स्टेटरवर तार गुंडाळण्याचे काम तर उलट आपल्या वायंडरच्याच ओळखीचे आहे: तीन फेज, स्टार किंवा डेल्टा. मालेगावात मागाच्या मोटरी भरणाऱ्या कारागिरांना हे शिकविण्याची गरज नाही, फक्त तार बारीक आणि जागा चिंचोळी. कार्बनच्या मोटरीला रिक्षा-ट्रकचे सेल्फ भरणारा ऑटो इलेक्ट्रिशियन जवळचा, ब्रशलेसला मागाच्या मोटरी भरणारा जवळचा. मालेगावात मन्सुरा येथे मौलाना मुख्तार अहमद नदवी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. तेथील एखाद्या शिक्षकाने आणि जुन्या वायंडरने एका टेबलावर बसून चार मोटरी उघडल्या तर काय निघते, हे पाहावयास आम्हाला आवडेल.

एका बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. मुले ज्या लिथियमच्या बॅटऱ्या आणतात त्यांची दुरुस्ती, सेल बदलणे, टाका मारणे हे आपल्या दुकानात करू नये. फुगलेली बॅटरी दुकानात ठेवूनसुद्धा घेऊ नये. लाकडी माळे आणि चिंध्यांचे ढीग असलेल्या आपल्या गल्ल्यांत अशी एक बॅटरी पेटली तर विझवावयास बंब आत येणार नाही. मोटर तपासण्यासाठी दुकानाचा स्वतःचा फ्यूज असलेला पॉवर सप्लाय ठेवावा, रोबोची चाके विटांवर उचलून धरावीत, आणि पुढचा ड्रम दुकानात फिरवू देऊ नये, मुलांनी कितीही गळ घातली तरी.

हे सारे आम्ही त्या चाचांपुढे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, बिडी विझविली आणि विचारले, “पोरांकडून घ्यायचे तरी किती?” आम्ही निदान पाचशे तरी घ्या असे म्हणालो. ते म्हणाले, “पाचशे म्हटले तर पोरं परत येतील का?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. मात्र त्यांच्या थोरल्या मुलाने, जो लेथवर बसतो, दुसऱ्या दिवशी अर्धा इंच २० चा टॅप आणून ठेवला आहे, आणि या दसऱ्याच्या आधी दहा जोड्या तयार ठेवण्याचा त्याचा विचार आहे.